घाटमाथ्यावरच्या घरासाठी जळण: तोडणं, फोडणं, वाळवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अकोले-जुन्नरपासून पाटण-शाहूवाडीपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर जळणाचं गणित पावसाळ्याभोवती फिरतं. चार महिने धो धो पाऊस आणि त्यामागोमाग बोचरी थंडी. या थंडीत लागणारं लाकूड आदल्या थंडीत तोडावं लागतं, उन्हाळ्यात वाळवावं लागतं आणि पावसाळाभर कोरडं राखावं लागतं. गावच्या घरी पुन्हा राहायला आलेली मंडळी याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे देते आहे.

थंडीसाठीचं लाकूड कधी तोडायचं?

मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. भाताची झोडणी उरकलेली असते, माणसं मोकळी असतात. पानगळीच्या झाडांची वाढ या दिवसांत थंडावलेली असते आणि पुढे उन्हाचे तीन-चार महिने हातात असतात. होळीनंतर तोडलेली मनगटाएवढी फाटी आगोटीपर्यंत, म्हणजे पावसाळा तोंडावर येईपर्यंत, वाळतात, पण ओंडके वाळत नाहीत. मे महिन्यात घाईघाईने तोडून पडवीत टाकलेलं लाकूड मात्र पुढचं वर्षभर छळतं.

अमावास्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. जळणापुरती मी महिना सांभाळते, तिथी नाही.

ओलं लाकूडही पेटतंच की. एवढं वाळवायची खरंच गरज आहे?

आहे, आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. समजा, एक किलो ओल्या लाकडात 450 ग्रॅम पाणी आहे. हे पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण 1.1 ते 1.2 मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. उरलेल्या 550 ग्रॅम सुक्या लाकडातून मिळणार जेमतेम 10 मेगाज्यूल. म्हणजे नुसत्या हिशेबात तोटा आठव्या-नवव्या भागाचा. एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग फार बिघडलं काय?

बिघडतं ते पुढे. पाण्याची वाफ होत असेपर्यंत लाकूड नीट तापत नाही. तापलं नाही की त्यातून निघणारे वायू पेट घेत नाहीत, आणि न पेटलेले वायू म्हणजेच धूर. जी उष्णता भांड्याखाली जायची ती धुरावाटे कौलांतून निघून जाते. ओल्या ऐनाचं फाटं चुलीत सारून त्याच्या बाहेरच्या टोकाकडे बघा. कापलेल्या तोंडातून तपकिरी फेस येतो, थेंब थेंब राखेत पडतो, चुर्र आवाज होत राहतो. आतल्या टोकाला जाळ कमी आणि पिवळट धूर जास्त. फुंकणी सोडली की जाळ बसतो. स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागतो आणि तो सगळा वेळ चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून, छातीतून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. जळण वाळवणं हे घरातल्या बाईच्या तब्येतीचं काम आहे, आणि ते घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं असतं.

लाकूड वाळलं हे ओळखायचं कसं?

कापलेल्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडतात. साल नखाने सुटते. दोन फाटी एकमेकांवर आपटली की वाळलेली टणकन वाजतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो. फाटं उचललं की दिसण्यापेक्षा हलकं लागतं.

खात्रीचा उपाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा. राशीतली दोन-तीन फाटी निवडून त्यांवर खडूने खूण करा आणि दर रविवारी वजन करा. वजन घटत असेल तोवर पाणी निघतं आहे. लागोपाठ दोन-तीन आठवडे घटलं नाही की त्या हवेत वाळायचं तेवढं ते वाळलं. पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आलेलं लाकूड चुलीजोगं समजतात. ते मोजायचं सुया टोचायचं यंत्रही मिळतं. ते वापरायचं तर फाटं मधोमध फोडून आतल्या ताज्या तोंडाला लावा, कारण बाहेरून ते कोरडंच दाखवणार.

कुठल्या झाडाचं जळण चांगलं?

जड आणि घट्ट लाकूड सावकाश जळतं आणि चांगले निखारे धरतं. धावडा, बाभूळ, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच ही त्यातली. धावडा आणि बाभूळ मिळाले तर दुसरं काही बघू नका. मात्र यांतली बरीच झाडं कायद्याने राखलेली आहेत, त्याबद्दल खाली सांगितलं आहे. त्यामुळे रोजच्या चुलीला बांधावरच्या सुबाभळीचा आणि गिरिपुष्पाचा आधार मोठा. दोन्ही छाटली की पुन्हा फुटतात. किनारपट्टीला सुरू उत्तम जळतो, देशावर वेड्या बाभळीनं कित्येक गावांच्या चुली चालवल्या आहेत.

आंबा लवकर पेटतो आणि लवकर संपतो. सावर, पांगारा, शेवगा यांचं लाकूड वजनाला हलकं आणि ताकदीला त्याहून हलकं. पाणी पिऊन बसतं, कुजतंही पटकन. चूल पेटवायला टणटणीच्या वाळक्या काटक्या फार चांगल्या. ही परदेशी झुडपं रानात माजली आहेत, ती तोडून आणली तर रानाचंही भलं होतं.

काय जाळायचं नाही?

बिब्ब्याचं लाकूड आणू नका. त्याचा चीक अंगावर उततो. कण्हेर विषारी आहे. कुंपणाच्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो, तो कुऱ्हाडीखालीही घेऊ नये. अख्खा बांबू चुलीत घातला की पेरातली हवा तापून तो फटाक्यासारखा फुटतो आणि निखारे अंगावर येतात. जाळायचाच तर चिरून, वाळवून, बाहेरच्या चुलाणात. वड, पिंपळ, उंबर आपल्याकडे चुलीत घालत नाहीत, आणि ते पाळायला काहीच हरकत नाही: या तिघांच्या फळांवर कितीतरी पाखरं जगतात.

रंग दिलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, प्लास्टिक, टायरचे तुकडे यांतलं काही चुलीत नको. रंगातलं शिसं आणि गोंदातली रसायनं धुरात येतात आणि राखेतही उरतात. तीच राख तुम्ही भांड्यांना लावणार, वांग्यांना टाकणार.

रानात पडलेलं लाकूड आणलं तर चालतं का?

रान कुणाचं, त्यावर हे ठरतं. राखीव जंगलाला 1927 चा भारतीय वन कायदा लागू आहे. तिथे उभ्या झाडाला कुऱ्हाड लावणं हा गुन्हा आहेच, आणि पडलेलं लाकूड आणायचं तरी गावाला तसा हक्क किंवा सवलत आहे का, हे आधी वनरक्षकाकडून समजून घ्या. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या कडेच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी बाजूही माहीत असू द्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातल्या झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या वस्तूंवरचा, हक्क मान्य केला आहे आणि त्याच्या व्याख्येत बांबूबरोबर झाडोरा आणि खुंटही येतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलाचे नियम गाव स्वतः ठरवू लागलं. तुमच्या ग्रामसभेने असा दावा केला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

देवराईतली काटकीसुद्धा उचलू नका. आणि रानात उभं असलेलं, वाळलेलं, ढोली पडलेलं झाड दिसलं तर ते सोडून द्या. धनेश, पिंगळे, पोपट अशा ढोलींत घरटी करतात. भुईवर पडलेल्या फांद्यांनी मोळी भरते.

बांध माझा, झाड माझं. मग परवानगी कशाला?

कारण 1964 चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमनाचा कायदा खाजगी जमिनीवरच्या अनुसूचित झाडांनाही लागू आहे. त्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, बिवळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी आहेत. ही झाडं तोडायची तर आधी अर्ज, मग पाहणी, मग परवानगी. लाकूड गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं असेल तर वाहतुकीचा पासही लागतो का, हे विचारून घ्या. विचारल्याने दोन दिवस जातात. न विचारता टेम्पो अडकला तर महिने जातात.

माझं सांगणं असं की जळणासाठी अख्खं झाड पाडूच नये. बांधावर दोन-चार हातांवर गिरिपुष्प लावा. दर थंडीत एक आड एक झाड छाटा, पाला भातखाचरात खताला जाईल आणि फांद्या चुलीला. बी किंवा काडी लावल्यापासून तीन वर्षांत छाटणीजोगं झाड होतं. पुढच्या पिढीला मोळीसाठी डोंगर चढावा लागू नये, यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

फोडायचं किती जाड, आणि कसं?

चुलीला दोन ते तीन इंच जाड आणि हातभर लांब फाटी पुरेत. बंबाला आणखी आखूड आणि बारीक ढलप्या लागतात. आंघोळीच्या पाण्याच्या चुलाणाला मोठे तुकडे चालतात. अख्ख्या ओंडक्याला साल सगळीकडून गुंडाळलेली असते आणि पाणी मुख्यतः दोन तोंडांतूनच निघतं, म्हणून तो वर्ष-दोन वर्षं आतून ओलाच राहतो. तोच फोडून उन्हात टाकला तर जानेवारीपासून मेपर्यंत वाळतो. थोडक्यात, फोडणं हेच अर्धं वाळवणं आहे.

बाभूळ, ऐन यांसारखी लाकडं तोडल्यावर लगेच फोडा; वाळली की कुऱ्हाड परत फेकतात. जमिनीवर फोडू नका, खाली जाड ठोकळा घ्या: धार टिकते आणि घाव चुकला तर कुऱ्हाड पायाऐवजी ठोकळ्यात रुतते. आधीच पडलेली चीर शोधून तिच्यावर घाव घाला. मोठा ओंडका मधोमध फोडायच्या मागे न लागता कडेने पापुद्रे काढत आत जा. गाठ असेल तर लोखंडी पाचर आणि घण. कुऱ्हाडीच्या माथ्याने पाचर ठोकू नये, माथा फाटतो आणि कपची उडून डोळ्यात जाते. चिंच पिळलेली असते, तिच्याशी झटण्यापेक्षा करवतीने आखूड तुकडे करा. पोरं आसपास खेळत असताना कुऱ्हाड उचलायचीच नाही.

रास कशी रचायची?

जमिनीवर वीतभर उंचीचे दगड दोन ओळींत मांडा, त्यांवर दोन वासे आडवे टाका आणि त्यांवर रचायला लागा. जमिनीला लागलेला थर ओल धरतो आणि वाळवीला घर मिळतं. फाटी घट्ट बसवू नका, मधून वारा खेळला पाहिजे. दोन्ही टोकांना एक थर उभा, एक आडवा अशी चौकट रचली की रास ढासळत नाही. भिंतीला टेकवायची असेल तर मध्ये हात जाईल एवढी फट ठेवा.

उन्हाळ्यात वर काही घालू नका, ऊन खाऊ द्या. वळवाचा पाऊस येतो तेव्हा वरून पत्रा टाकला की पुरे. एका सरीने भिजलेलं वाळतं फाटं दोन दिवसांत पुन्हा सुकतं. ताडपत्रीने चारी बाजूंनी बांधून ठेवणं ही सर्रास दिसणारी गोष्ट, आणि ती थांबवा. आतलं पाणी आतच राहतं, फाट्यांवर बुरशी धरते. आणि रास गवताच्या गंजीपासून, गोठ्यापासून लांब रचा. मार्च-एप्रिलमध्ये राब भाजताना किंवा वणवा आला तर ठिणगी कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही.

पावसाळ्यात कोरडं कसं राखायचं?

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं छपराखाली गेलेलं असावं, कडक उन्हाच्या दिवशी दुपारी, फाटी गरम असताना. वावझडीच्या (वाऱ्याबरोबर आत येणाऱ्या पावसाच्या) बाजूला, म्हणजे आपल्याकडे बहुतेक पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, कूड किंवा झापं बांधा. उलट्या बाजूने उघडं राहू द्या.

एक गोष्ट मात्र टळत नाही. चैत्र-वैशाखात देशाकडच्या कोरड्या हवेत लाकडातलं पाणी सहा-सात टक्क्यांवर उतरतं. श्रावणात घाटमाथ्यावरची हवा 90 टक्क्यांच्या वर दमट असते, तेव्हा थेंबही न लागलेलं फाटं हवेतूनच पाणी ओढतं आणि 20 टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून दोन-तीन दिवस पुरेल एवढं जळण चुलीजवळ आणून ठेवायची पद्धत आहे. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं तर उत्तम वाळतं, पण माळा मजबूत असू द्या आणि जाळाच्या थेट वर नको.

एका घराला किती लागतं?

शेजाऱ्याचा आकडा घेऊ नका. आठवडाभर रोज जळणारं लाकूड वजन करून बघा आणि दिवसांनी गुणा. रोज 5 किलो लागत असेल तर पावसाळ्याच्या 120 दिवसांना 600 किलो, आणि थंडीत पाणी जास्त तापवावं लागतं म्हणून तेवढेच आणखी धरा. रास पाहून अंदाज करायचा तर 6 फूट लांब, 4 फूट उंच आणि दीड फूट खोल रास म्हणजे साधारण एक घनमीटर. त्यात घट्ट जातीचं वाळलं लाकूड 400 ते 450 किलो भरतं.

विकत घेताना काय बघायचं?

वखारीत वजनावर घेत असाल तर पाण्याचे पैसे देत नाही ना, हे बघा. 40 टक्के पाणी असलेल्या एक टन लाकडात सुकं लाकूड 600 किलोच. शक्यतो फेब्रुवारीत ओलं पण स्वस्त घ्या आणि घरी वाळवा, किंवा मेमध्ये वाळलेलं घ्या आणि दोन फाटी फोडून दाखवायला सांगा. जूनमध्ये गरजू गिऱ्हाईक म्हणून जाऊ नका.

राशीत भुंगा लागला, पीठ पडतंय. काय करू?

काही नाही, तेवढं आधी जाळा. जळणावर औषध फवारायचं नाही, ते धुरातून नाकात जातं. भुंगा लागलेलं लाकूड घराच्या वाशांपासून आणि बांबूच्या सामानापासून लांब ठेवा. साल काढलेल्या फाट्यांना कीड कमी लागते.

कीडीपेक्षा साप आणि विंचू यांची काळजी करा. राशीत उंदीर येतात आणि त्यांच्यामागे घोणस, नाग, मण्यार. अंधारात राशीत हात घालायचा नाही. बॅटरी घ्या, काठीने ठोका, वरून एक एक फाटं उचला, पायात बूट असू द्या. साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही न करता चावलेला भाग स्थिर ठेवून 108 ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या यांचं काय?

गोवरी मंद आणि बराच वेळ जळते, दूध आटवायला चांगली, पण धूर फार. शेण शक्यतो खताला जाऊ द्या. तुराट्या पेटवायला छान. पऱ्हाट्यांबाबत एक जपा: कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांत आणि किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून शेताच्या बांधावर त्यांचे ढीग पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नयेत. चिपाडं, बुरकुंडं, करवंट्या हे सगळं वाळवून ठेवण्याजोगं. पुण्याच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि 2002 मध्ये त्यासाठी तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडे पाचट आहे त्यांनी ते पेटवून देण्याआधी हे समजून घ्यावं.

गॅस आहे, मग लाकूड कशाला?

स्वयंपाकाला गॅस परवडत असेल तर गॅसच वापरा, मी मनापासून सांगते. तीन दगडांच्या चुलीवर लाकडातल्या उष्णतेचा आठवा-दहावा भागच भांड्याला लागतो. त्या हिशेबाने 14.2 किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला सुमारे 200 किलो वाळलं लाकूड लागतं. डोक्यावरून आणायचं म्हटलं तर या आठ-दहा मोळ्या झाल्या. आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण आणि अंगणातली शेकोटी यांना लाकूड ठेवा. चूल घरात असेलच तर धुराड्याची बांधून घ्या. धुराड्याचं तोंड छपराच्या आढ्यापेक्षा दोन फूट वर काढा आणि आतली काजळी वर्षातून दोनदा तरी झाडा. ओलं लाकूड जाळत असाल तर ती डांबरासारखी चिकटते आणि पेटही घेते.

रात्री खोलीत शेगडी ठेवली तर?

ठेवू नका. कोळशाला धूर नसतो म्हणून माणसं निर्धास्त होतात, दार लावून झोपतात. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायचा असेल तर खिडकी उघडी ठेवा, जागं माणूस शेजारी बसू द्या आणि शेक झाला की शेगडी बाहेर काढा. डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं असं काही वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग 108 ला फोन करा.

खोली उबदार ठेवायची तर तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून अंथरुणाच्या पायथ्याशी ठेवा आणि कौलांमधल्या फटी दिवाळीआधी बुजवून घ्या.

राखेचं काय करायचं?

निव्वळ लाकडाची राख चाळून, गार करून पत्र्याच्या डब्यात ठेवा. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही विस्तव असतो, म्हणून प्लास्टिकची बादली किंवा पोतं नको. बियाण्याच्या कडधान्यात ती मिसळली तर भुंगा दूर राहतो. परसात वांगी, मिरची, केळीला मूठमूठ टाका. राखेत पालाश असतं. चुनखडीच्या जमिनीत मात्र बेतानेच, कारण राख जमीन आणखी अल्कधर्मी करते.